तुमच्या गोळ्या पोचल्या, दादा

मानसरोवर, जयपूर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप दशरथदादांना धाकट्या तारामतीचा नमस्कार. मी रागात आहे, तरी नमस्कार पूर्ण वाकून केलेला आहे, तोही गुडघे दुखत असताना, तेव्हा तो तेवढा मानून घ्यावा. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण तुमची तब्येत बरी नसती तर तुम्ही एव्हाना स्वतःवरच काहीतरी प्रयोग केला असता आणि ते गावभर झालं असतं.

काल तुमचं पार्सल मिळालं. पोच देते. कंदी पेढे अर्धा किलो (वरचे चार फुटले, बाकीचे शाबूत), शेंगदाण्याची चटणी एक डबा, हळकुंडं पाव किलो, आमसुलांची पुडी एक, सांडगे पिशवीभर, आणि चहाच्या जुन्या डब्यात औषधाच्या गोळ्या नऊ प्रकारच्या, एकंदर त्रेसष्ट. टपालखर्च दोनशे अठरा रुपये असं वेष्टनावर दिसतं. शिवाय पोस्टमन तीन मजले चढून आला म्हणून त्याला पाणी आणि दोन पेढे दिले, ते माझ्याकडून. पेढे देवाला दाखवले. आज माझा लक्ष्मीचा उपास आहे, तेव्हा चटणी उद्या उघडेन. गोळ्या मात्र या खेपेला देवापुढे ठेवल्या नाहीत. एरवी तुमच्या गोळ्यांचा डबा आला की मी त्याला हळदकुंकू लावून देवघराच्या खालच्या फळीवर ठेवत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. काल तो डबा मी चपलांच्या कपाटावर ठेवला. यावरून काय समजायचं ते समजा.

आमसुलांच्या पुडीत रमावहिनींची चिठ्ठी निघाली, घडी घालून घालून बोटाच्या पेराएवढी केलेली. त्यांनी लिहिलंय की हे तुम्हाला कळू देऊ नये, म्हणून पहिल्यांदा तेच कळवते. वहिनींना गणपतीपासून लघवीला जळजळ होते आहे. (थोरल्या भावाला हा शब्द लिहिताना पेन अडखळलं होतं, पण गेल्या दोन महिन्यांत इस्पितळात तो मी इतक्या परक्या पुरुषांसमोर उच्चारला आहे की लाजेचा साठा संपला.) तुम्ही गोळ्या देता, दोन दिवसांत उतरतं, महिन्याने पुन्हा येतं. असं तीनदा झालं. आता चौथ्यांदा आलंय, संध्याकाळी अंगात कणकण असते, पाठीत खाली ठणकतं, आणि तुम्ही आता दुसऱ्या रंगाच्या गोळ्या काढल्या आहेत. तपासणी एकदाही नाही. दादा, हे वाचलं आणि मी हातातला पेढा खाली ठेवला. कारण हे सगळं असंच, याच क्रमाने, रंगांसकट, आमच्या घरात होऊन गेलं आहे, आणि त्याचा शेवट कुठे होतो ते मी बघून आले आहे.

तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला. केला. काल दोनदा केला. पहिल्यांदा मी "दादा, वहिनींच्या गोळ्या" एवढं म्हणताच तुम्ही "आवाज तुटतोय" म्हणालात, आणि दुसऱ्यांदा मी काही म्हणायच्या आतच तो तुटला. वहिनींचा फोन तुमच्याच सदऱ्याच्या खिशात असतो. तेव्हा पत्र. पत्रातला आवाज तुटत नाही आणि मधे बोलताही येत नाही. बसा आणि वाचा. चष्मा लावा.

तर आमच्या यांचं. तुम्हाला आम्ही कळवलं होतं की आश्विनात "जरा ताप होता, आता बरं आहे". ते खोटं होतं. यांनीच मला सांगितलं की दादांना उगाच वाईट वाटेल. बहात्तर वर्षांचा माणूस तेरा दिवस खाटेवर पडून सुया टोचून घेतो आणि मेव्हण्याला वाईट वाटेल याची काळजी करतो, आणि मेव्हणा तिकडे ओट्यावर बसून अख्ख्या उंब्रजला गोळ्या वाटतो. सुरुवात माघात झाली. यांना जळजळ, थोडा ताप. तुमच्या डब्यातल्या पिवळ्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत माणूस खणखणीत. चैत्रात पुन्हा. पुन्हा पिवळ्या, पुन्हा खणखणीत, फक्त या वेळी तीन दिवस लागले. मी तर सगळ्या कॉलनीला सांगत होते की आमचे दादा बत्तीस वर्षं कंपाउंडर होते, डॉक्टर नुसते सही करायचे, औषध दादांचं. (हे मी अजूनही सांगते, पण आता आवाज वेगळा असतो.) श्रावणात तिसऱ्यांदा आलं तेव्हा तुम्ही लाल-काळ्या कॅप्सूल पाठवल्या. आता कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, हे मला तुम्हीच सांगितलं होतं, माझ्या पृथ्वीराजच्या बारशाच्या जेवणात, पंगत बसलेली असताना. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात बसलेलं. मग श्रावणी सोमवारी कॅप्सूल कशी देणार? सोमवारी दिली नाही. मंगळवारी दिली. बुधवारी एकादशी. गुरुवारी सकाळी दिली, संध्याकाळी पारायण होतं. शनिवारी मला वाटलं आपण कवच काढून टाकू आणि आतली पूड मधातून देऊ. पूड इतकी कडू, की यांनी ती मधासकट तुळशीत थुंकली. (तुळस आठ दिवसांत वाळली. ती थंडीने वाळली असं हे म्हणतात. श्रावणात, जयपुरात, थंडी.) पण जळजळ गेली ना, मग झालं, असं म्हणून मी उरलेल्या कॅप्सूल मोजून डब्यात ठेवल्या.

आश्विनात, नवरात्राच्या सातव्या माळेला, यांना दुपारी हुडहुडी भरली. तीन रजया घातल्या तरी खाट हलत होती. पिवळी दिली. लाल-काळी दिली, नवरात्र असून दिली, देवीची क्षमा मागून. पांढरी लांबट होती तीही दिली, ती कशाची हे मला ठाऊक नव्हतं आणि डब्यातल्या तुमच्या चिठ्ठीत नुसतं "जोरदार" लिहिलेलं होतं. ताप एकशे चार. दुसऱ्या दिवशी हे मला ओळखेनात. मला "मॅडम, स्टोअरची चावी कुठाय" असं विचारायला लागले, आणि स्टोअरकीपरची नोकरी सुटून यांना बारा वर्षं झाली आहेत. सूनबाई, आपली हर्षाली, हिने मला न विचारता गाडी बोलावली. मी विचारलं असतं तर "अजून एक दिवस बघू" म्हटलं असतं, हे ती ओळखून होती. त्या मुलीच्या हातचा चहा मला कधी आवडला नाही, पण आता रोज पूर्ण कप पिते.

इस्पितळातली डॉक्टर म्हणजे सोनम नावाची, इथल्या जवळच्या चौमूं गावची मुलगी. वय असेल तीस, केस एवढेसे, पायात खेळायचे बूट. मी मनात म्हटलं, झालं. तिने यांची लघवी तपासायला पाठवली, तिथे म्हणे जंतू तीन दिवस वाढवतात आणि एकेका औषधासमोर ठेवून बघतात की कोणतं त्याला मारतं. रिपोर्ट आला. सोळा औषधांची यादी, प्रत्येकापुढे एकेक अक्षर. एस म्हणजे औषध चालेल आणि आर म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. मी मॅट्रिक आहे दादा, इंग्रजी अक्षरं मला कळतात. वरून खाली बोट फिरवत गेले. आर, आर, आर, आर. तुमची पिवळी आर. लाल-काळी आर. जोरदार, आर. तेरा आर झाले आणि तीन एस, आणि ते तिन्ही एस फक्त शिरेतून द्यायचे, रोजचं एक इंजेक्शन आपल्या महिन्याच्या किराण्याच्या किमतीचं. त्यातल्या एकाने मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो म्हणून रोज रक्त काढायचं. मी डॉक्टरणीला विचारलं की तेही तीन चालले नाहीत तर पुढचं कोणतं? तिने रिपोर्टची घडी घातली. दादा, तुम्ही बत्तीस वर्षं दवाखान्यात काढलीत. असं विचारल्यावर डॉक्टर कागदाची घडी घालतो तेव्हा काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग तिने विचारलं, मागच्या वर्षभरात यांनी कोणकोणत्या अँटीबायोटिक घेतल्या. पृथ्वीराज वर बघायला लागला, हर्षाली माझ्याकडे. मी म्हटलं, थांबा. आणि घरून माझी वही मागवली. मी हिशेबाची वही लिहिते, त्यात औषधाचं पान वेगळं असतं: आल्या किती, लागल्या किती, शिल्लक किती, तारखेसकट. डॉक्टरणीने पान उघडलं आणि तिचे डोळे असे मोठे झाले. म्हणाली, "अम्माजी, ऐसा रिकॉर्ड तो हमारे यहाँ भी नहीं रखते." मला काय वाटलं असेल सांगा. मी पदर सावरून बसले. तिने दुसऱ्या दोन डॉक्टरांना बोलावलं, तेही वाकून बघायला लागले, एकाने मोबाइलवर फोटो काढला. मी म्हटलं, मागच्या वर्षाचंही आहे. तेव्हा ती माझ्या शिल्लकेच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "ये जो आपने बचाया है ना, यही तो गड़बड़ है." आणि यांच्या खाटेच्या कडेला बसून तिने मला समजावलं. पहिल्या दोन दिवसांत मरतात ते कमजोर जंतू. माणसाला बरं वाटतं. जे दांडगे असतात ते अर्धमेले होऊन पडून राहतात. तेवढ्यात आपण गोळी थांबवली, की ते उठतात, त्या गोळीला ओळखून ठेवतात, आणि त्यांची पोरंबाळं तिला भीत नाहीत. "अम्माजी, साल भर से आपके घर में कीटाणुओं की कोचिंग चल रही थी. तीन बैच पास हो गए." इथे गोपालपुऱ्याच्या रस्त्याला कोचिंग क्लासच्या पाट्या आहेत, पास झालेल्या पोरांचे फोटो लावतात. मला रात्रभर त्या पाट्याच दिसत होत्या. आणि त्यांच्याखाली लिहिलेलं, संचालक दशरथदादा, उंब्रज.

तुम्ही आता म्हणणार, तारे, तू कालची पोर, मला शिकवतेस. शिकवते. "अन्न आणि औषध टाकू नये" हे तुम्ही मला शिकवलंत, तेव्हा मी निमूट शिकले. सर्दीला गोळी, खोकल्याला गोळी, पोराला दात येताना गोळी, हणमंताच्या देवळातल्या पुजाऱ्याचा घसा बसला तर आरतीला खळ पडू नये म्हणून त्याला गोळी. सोनम डॉक्टरणीने सांगितलं की सर्दीला यातलं एकही औषध लागूच पडत नाही, सर्दीचा जंतू निराळ्या जातीचा, त्याला या गोळीचं काही नाही, फुकटात आपल्या पोटातले जंतू मात्र धडे गिरवतात. म्हणजे तुम्ही जे पुण्य समजून वाटत होता आणि मी जे पुण्य समजून कॉलनीत पुढे वाटत होते, (होय, मीही वाटलं, समोरच्या शर्माईणीला, इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याच्या बापाला) त्याचं काय झालं? ज्याला देवाच्या पायाला लावून गोळी दिली त्याच्या घरी आपण चोर नेऊन सोडला आणि वर म्हणालो, घ्या प्रसाद.

हे इस्पितळातून घरी आल्यावर मी ठरवलं की जेवढं वाटलं तेवढं निस्तरायचं. पहिल्यांदा तो डबा. देवापुढे ठेवलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकणार, म्हणून मी निर्माल्यासारखं त्याचं विसर्जन करायचं ठरवलं. आता इथे नदी म्हणाल तर नाव आहे आणि पाणी नाही, तेव्हा रिक्षा करून तळ्यावर निघाले, डबा मांडीवर, फुलं वर. हर्षालीला सुगावा लागला. तिने डॉक्टरणीला फोन लावून तो माझ्या कानाला धरला. ती मुलगी ओरडली, दादा. माझ्यावर! "अम्माजी, अब तालाब वालों को भी पढ़ाओगी क्या?" पाण्यात टाकलं तर पाण्यातले जंतू शिकतात, मातीत टाकलं तर मातीतले. अशा गोळ्या इस्पितळात द्यायच्या, तिथे त्यांच्या कचऱ्याबरोबर त्या जाळतात. रिक्षावाल्याचे जाण्या-येण्याचे पैसे द्यावे लागले ते वेगळंच, शिवाय त्याने विचारलं, "माताजी, दो गोली मुझे दे दो, घुटना दुखता है." मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, गुरुवार आहे.

मग मेडिकलवाला गिरधारी. आमच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, माणूस गोड, पण डॉक्टरची चिठ्ठी न बघता "वो पाँच सौ वाली दो दे दो" म्हटलं की कात्रीने दोन कापून देतो. कात्री दोरीने टेबलाला बांधलेली आहे, एवढा तिचा खप. मी एका सकाळी पूजा आटोपून त्याच्या दुकानाशेजारी घडीची खुर्ची टाकून बसले, वही घेऊन, आणि जो येईल त्याला विचारायला लागले, पर्ची है क्या? अकरापर्यंत सतराजण परत पाठवले. त्यातले दोघे साबण घ्यायला आलेले होते ते नंतर कळलं. गिरधारी आधी हसला, मग हात जोडले, मग त्याने पृथ्वीराजला ऑफिसात फोन केला की भाईसाहब, माताजीको ले जाओ, धंदा बैठ गया. मी त्याला म्हटलं, तुझा धंदा बसलाय, माझा माणूस बसायलासुद्धा उठत नव्हता. तो म्हणाला, माताजी, मैं नहीं दूँगा तो अगला दे देगा. याचाच मला राग जास्त आला. दुसऱ्या दिवशी पुढच्या दुकानाशी बसले.

सगळ्यात वाईट झालं ते आपल्याच माणसांत. तिलक नगरात कौमुदीकडे आम्ही मराठी बायका रविवारी भजनाला जमतो. त्या दिवशी मी म्हटलं, आज एक गौळण कमी म्हणू आणि मी दोन शब्द बोलते. दोन शब्द पाऊण तास चालले. मी रिपोर्ट वाचून दाखवला, सगळे आर मोठ्याने. बायका रडल्या. मला वाटलं, जागृती झाली. पुढच्या रविवारी गेले तर काय? कौमुदीने ब्लडप्रेशरची गोळी बंद केलेली, "तुम्हीच म्हणालात ना काकू, गोळ्यांची सवय होते", आणि चक्कर येऊन ती पेटीवर कोसळली. तिला समजावतेय की अगं ती गोळी वेगळी, ती रोजचीच, जन्मभराची, तेवढ्यात मंजुषा आली, तोंड पांढरं, पोट धरून. ही मंजुषा माझ्याहूनही काटकसरी, साबणाचा तुकडा तुकड्याला चिकटवणारी. मी भाषणात म्हणाले होते की कोर्स अर्धा सोडायचा नाही, पूर्ण संपवायचा. तिने घरी जाऊन पाच वर्षांत उरलेल्या सगळ्या गोळ्या काढल्या, मुलाच्या, नवऱ्याच्या, वारलेल्या सासूबाईंच्या, आणि रोज तीन याप्रमाणे संपवायला घेतल्या. आठवडाभर जुलाब. मला म्हणते, "काकू, अजून अकराच राहिल्यात, उद्यापर्यंत होतात." मी तिथेच टाळ खाली ठेवले आणि तिच्या घरी जाऊन त्या अकरा स्वतःच्या हाताने काढून आणल्या. तेव्हा मला कळलं की लोकांना सांगणं हेही औषधासारखंच आहे, किती, कुणाला आणि कसं, हे न बघता दिलं की उलटतं. आता मी भाषण करत नाही. एकेकीच्या घरी जाते, एकेक डबा उघडायला लावते, आणि कोणती गोळी कशाची हे विचारते. ठाऊक नसेल तर पिशवीत. आतापर्यंत चौदा घरं झाली. दोन घरांनी दार उघडलं नाही, ती पुन्हा बघेन.

आणि हे सगळं करून घरी येते, तर दारात पोस्टमन, आणि पार्सलात त्रेसष्ट गोळ्या! सख्ख्या भावाकडून! मला सांगा, मी कोणत्या तोंडाने उद्या पंधरावं घर उघडायला लावू? डब्यातली प्रत्येक पट्टी अर्धी कापलेली. दोन गेलेल्या, तीन राहिलेल्या. चार गेलेल्या, सहा राहिलेल्या. एकही पट्टी पूर्ण नाही आणि एकही पूर्ण संपलेली नाही. ही कुणाच्या अंगातली अर्धी लढाई तुम्ही मला टपालाने पाठवली आहे? दादा, तुमचा हात गुणाचा आहे हे मी नाकारत नाही. माझ्या लहानपणी मला टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही एकवीस दिवस उशाशी बसला होता हे मी विसरलेले नाही. पण तेव्हाच्या गोळीने तेव्हाचा जंतू मरत होता. आताचा मरत नाही, आणि तो असा दांडगा कुणी केला, तर तुम्ही, मी, गिरधारी आणि मंजुषा यांनी मिळून केला. वहिनींच्या पाठीत जे ठणकतंय ते मूत्रपिंड असू शकतं. यांचंही आधी पाठीत ठणकलं, मी बाम चोळत होते. चार दिवस बाम चोळला, दादा.

तुम्ही रागावणार, तर खुशाल रागवा. दिवाळीला बोलावू नका, भाऊबीजेची ओवाळणी ठेवून घ्या, मला चालेल. पण वहिनींना आज दुसऱ्या रंगाची गोळी देऊ नका. काही झालं तर मला तुमचं तोंड बघता येणार नाही, आणि तुमच्याशिवाय माझ्या माहेराला दुसरं तोंड नाही.

लहानथोरांना नमस्कार-आशीर्वाद. यांची तब्येत आता सुधारते आहे, गच्चीवर दोन फेऱ्या मारतात, मला नावाने ओळखतात आणि जेवणात मीठ कमी असल्याचं सांगतात, म्हणजे बरेच आहेत.

तुमची धाकटी बहीण,
तारामती

ता. क. वहिनींना चिठ्ठीबद्दल बोलू नये. बोललात तर मला कळेल, कारण मग पुढच्या पार्सलात आमसुलं येणार नाहीत.

ता. क. दुसरा. पत्रासाठी पाकीट काढायला वही उघडली, तिच्या पुठ्ठ्यात तुमच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या, गोळ्यांबरोबर आलेल्या. वाचल्या. माघातल्या चिठ्ठीत लिहिलंय, "सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस." चैत्रातल्या, "पाच दिवस, मध्ये सोडू नये." श्रावणातल्या चिठ्ठीत "सात दिवस" आणि त्याखाली दोन रेघा. म्हणजे दोन दिवसांवर तुम्ही आणलं नव्हतं. मी आणलं. तुमच्या पाच दिवसांतल्या तीन दिवसांच्या गोळ्या वाचवून मी शिल्लकेत धरल्या, आणि वर गेली चार पानं तुम्हाला शिव्या दिल्या. ती पानं फाडणार होते, पण इतका कागद वाया जाईल म्हणून तशीच पाठवते. न तपासता गोळी देणं हा गुन्हा तुमचाच, तो मी माफ करत नाही. पण अर्धा माझ्या नावावर घाला. आणि आणखी एक सुचतं ते लिहून टाकते. या पार्सलातल्या अर्ध्या पट्ट्या तुम्ही कापून ठेवल्या नसाव्यात. काटकसर वहिनी माझ्याकडूनच शिकल्या, लग्नानंतर पहिल्याच वर्षी, मी शिकवली. तुम्ही पाच दिवस सांगता आणि त्या दोन दिवस घेऊन उरलेल्या साठवतात, असं तर नाही ना? त्यांना ओरडून विचारू नका. ओरडलात तर त्या पाच म्हणतील.

ता. क. तिसरा, आणि मुद्द्याचा. राघवला मी काल रात्रीच फोन केला. तुमचाच मुलगा, तुम्हाला भितो, पण मला जास्त भितो. तो बुधवारी पुण्याहून गाडी घेऊन येतो आहे आणि आईला कराडला डॉक्टरकडे नेऊन लघवीची तपासणी करून घेणार आहे. हे पत्र स्पीडपोस्टने सोमवारी तुमच्या हातात पडेल. मधे मंगळवार आहे. मंगळवारी सकाळी तुम्ही स्वतःच वहिनींना म्हणा, "चल, कराडला जाऊन एकदा तपासून येऊ, मला शंका येते." म्हणजे ते तुमच्याच मनात आलं असं होईल, गावातही तसंच सांगता येईल, आणि मीही जयपुरात तसंच सांगेन की बत्तीस वर्षांच्या अनुभवाने दादांना वेळेवर ओळखता आलं. राघवला मी काही बोलू देणार नाही, तो आला की नुसता जेवून जाईल. कणकण वाढली किंवा थंडी वाजली तर मात्र मंगळवारचीही वाट बघू नये. रिपोर्ट आला की त्यात वरून खाली एस किती आणि आर किती, तेवढे दोन आकडे पोस्टकार्डावर लिहून उलट टपाली कळवा, खाली सही तुम्हीच करा. मी दारात बसून आहे.